दूरच्या पाण्याने कोरलेले वाळवंट

नागपुरात वर्षाला सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तरी आपली कन्हान सपाट काठांमधून, पसरट वाळूच्या पात्रातून वाहते. याउलट अमेरिकेतील युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस पडत असताना तेथील सॅन हुआन नदीने सुमारे ३०० मीटर खोल दरी कोरली आहे. मुलीकडे गेलो असताना ती दरी काठावरून पाहिली, तेव्हापासून हा विरोधाभास डोक्यात घोळत होता.

या नदीचे पाणी मुळात तिथले नाहीच. ते कोलोरॅडोतील पर्वतांवर साठलेल्या बर्फाचे आहे आणि ते वाळवंटातून केवळ वाट काढत पुढे जाते. ती वाटही मोठी अजब आहे. ‘गूजनेक्स’ नावाच्या ठिकाणी नदी इतकी वळसे घेते, की अडीच किलोमीटरही पुढे न सरकता ती जवळजवळ दहा किलोमीटर वाहते. असे आळसावलेले वळसे सपाट प्रदेशातील संथ नदी घेते, कठीण खडक चिरणारी नदी नव्हे. पण इथे वळणे आधी पडली, पठार नंतर उचलले गेले आणि नदीने आपला मार्ग न सोडता त्याच वळणांवर खाली खाली कापत जाणे पत्करले, असे भूशास्त्र सांगते.

खोली नदीने दिली असली, तरी कड्यांचे उभेपण कोरडेपणाने राखले आहे. आपल्याकडे सेमिनरी हिल्सच्या उतारावर काळ्या दगडाचा मुरूम होतो, त्याची पुढे काळी माती होते, तीवर गवत-झुडपे वाढतात आणि डोंगराची धार बोथट होते. तिथे खडक कुजायला पुरेसा ओलावाच नाही. मऊ थर झिजून वरच्या कठीण थराचा आधार सुटला, की मोठा तुकडा सरळ कोसळतो आणि मागे पुन्हा ताजा, उभा कडा उरतो. हे आकार वाऱ्याने कोरले, असे प्रवाशांना बिनदिक्कत सांगितले जाते, ते मला पटत नाही. वाऱ्याचा वाटा त्यात फारच थोडा आहे.

वाऱ्याचे खरे काम खडकाच्या आत दिसते. त्या भागातल्या ‘नावाहो’ नावाच्या वालुकाश्माच्या भिंतीजवळ उभे राहिले, की बोटभर जाडीचे तिरपे पट्टे एका दिशेने उतरत जातात आणि अचानक एका आडव्या रेषेवर तुटून, वर दुसऱ्याच कलाने सुरू होतात. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्यांचे हे उतार आहेत. तळहात फिरवला, तर गुलाबी वाळूचे कण हाताला लागतात. कामठीचा वालुकाश्मही वाळूचाच. पण तो नद्यांनी अंथरला आणि त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूर परिसरात असे जीवाश्म गोळा केले होते.

दूरच्या पाण्याचा हिशोब शेजारच्या ॲरिझोना राज्यातील अँटिलोप कॅन्यन या घळीत भीषण ठरला. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पाऊस वरच्या अंगाला, काही मैलांवर पडला. त्याचा लोंढा या अरुंद घळीत शिरला आणि ११ पर्यटकांचा बळी गेला.

सॅन हुआन ज्या कोलोरॅडो नदीला मिळते, तिच्यावर १९६३ साली ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. तेव्हापासून नदीचा बहुतेक गाळ लेक पॉवेल जलाशयात अडकतो, आणि खडक कापणारे तिचे हत्यार मुळात हा वाळू-गोट्यांचा गाळच होता. खालच्या ग्रँड कॅन्यनमध्ये आता बहुतेक वेळ स्वच्छ, थंडगार पाणी पोहोचते. त्यामुळे काठांवरचे वाळूचे पट्टे झिजत जातात. ते पुन्हा भरावेत म्हणून १९९६ मध्ये धरणातून मुद्दाम पूर सोडण्यात आला आणि पुढेही असे पूर सोडावे लागले.