कट मारणारी गाडी आणि १.१८ सेकंद

आजचा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १५७ मध्ये गेला. विषय: स्वतःहून लेन धरून चालणाऱ्या गाड्या.

पुढे हळू गाडी घुसली, तर टक्कर कधी टाळायलाच हवी? वेगातला फरक (मीटर/सेकंद) भागिले १२, अधिक ०.३५ सेकंद. फरक ताशी ३६ किमी, म्हणजे १० मीटर/सेकंद असेल, तर सुमारे १.१८. टक्करीला याहून जास्त वेळ उरला असेल तर सबब चालत नाही. मात्र घुसणारी गाडी त्या घुसण्याच्या क्षणाआधी किमान ०.७२ सेकंद आडवी सरकताना दिसलेली हवी. (सेन्सरवाल्यांची खरी कसोटी इथेच.)

१९५८ च्या (वाहन-नियमांच्या) संयुक्त राष्ट्र करारातले, हा नियम लागू करणारे देश एकमेकांनी गाड्यांना दिलेली मंजुरी मानतात. अमेरिका त्यात नाही. तिथे गाडी नियमांत बसते हे कंपनीच स्वतः प्रमाणित करते. भारत वाहन-नियमांच्याच दुसऱ्या, १९९८ च्या करारात आहे, आणि त्यात परस्पर मान्यताच नाही!