गोडोचे बग रिपोर्ट चाळताना

गोडो हे गेम बनवायचं इंजिन २०१४ मध्ये ओपन सोर्स झालं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला, आणि आज गिटहबवर (हा कोड जिथे ठेवलाय ती साइट) त्याचे हजारो इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी, उघडे आहेत, फीचर लिहिणाऱ्यांचं नाव होतं पण हा ढीग उपसणारे नसतील तर त्यांना सुरुवात कुठून करायची तेच कळणार नाही, हे माझं ठाम मत.

"गेम क्रॅश होतो" एवढाच रिपोर्ट आला की आधी व्हर्जन विचारायचं, मग ओएस, ग्राफिक्स कार्ड, आणि रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) कुठला ते, फॉरवर्ड प्लस, मोबाइल की कम्पॅटिबिलिटी, कारण एकात दिसणारा घोळ बरेचदा दुसऱ्यात दिसतच नाही. मग मागायचा तोच घोळ दाखवणारा छोटा प्रोजेक्ट, एक सीन, दोन-चार नोड (सीन ज्यांचा बनतो ते तुकडे), लागलीच तर छोटीशी स्क्रिप्ट, बास. झिप करताना डॉट गोडो फोल्डर तेवढा काढा हो, तो आपोआप परत तयार होतो.

मला सगळ्यात आवडतं ते रिग्रेशन शोधणं. म्हणजे गोडो ४.२ मध्ये नीट चालायचं आणि ४.३ मध्ये बिघडलं, मग मधल्या कमिटांच्या (कोडमध्ये केलेल्या एकेका बदलाच्या) बरोबर अर्ध्यावर तपासायचं, परत उरलेल्याच्या अर्ध्यावर, असं करत हजार कमिट असले तरी दहाएक वेळा तपासून नेमका कमिट सापडतो, आणि तो सापडला की अर्धं काम झालंच.

यासाठी सी प्लस प्लस (गोडो ज्या भाषेत लिहिलंय ती) यायलाच हवं असं नाही. जुना इश्यू उघडा, ताज्या व्हर्जनवर चालवून बघा, अजून होतंय की नाही एवढं लिहा, खरंच खूप उपयोग होतो.