टॅपेट सेट करा म्हणे, पण स्क्रूच नाहीये तर?

बाबांची डिझेल स्विफ्ट गेल्या थंडीत टिकटिक करायला लागली. डिझेल म्हटल्यावर थोडा खडखडाट असतोच, पण हा आवाज वेगळा होता, बारीक आणि कोरडा, शिलाई मशीनसारखा, आणि रेस वाढवली की तोही तसाच वाढायचा. सकाळी स्टार्ट केल्यावर चार-पाच सेकंद असा आवाज आला तर मी लक्ष दिलं नसतं, रात्रभर गाडी उभी राहिली की लिफ्टरमधलं (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला छोटा भाग) ऑइल थोडं उतरतं आणि प्रेशर आलं की परत भरतं. पण इथे घरून निघून वाढे फाटा गेला तरी चालूच! ऑइलचा लाल दिवा लागत नव्हता हे नशीब, तो लागत असेल तर आधी गाडी बंद करा, बाकी सगळं नंतर.

ज्याला त्याला विचारलं तो म्हणाला टॅपेट सेट करून घे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा फिरता कॅम यांच्यातली गॅप नीट करून घे. बाबांचं पण तेच, त्यांनी पद्मिनीचे टॅपेट फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून स्वतः सेट केलेत. पण या इंजिनात फिरवायला स्क्रूच नाही. गॅप ऑइल भरून काढतं. लिफ्टरच्या आत एक छोटा प्लंजर, खाली स्प्रिंग आणि एकाच दिशेने ऑइल आत सोडणारी गोळी असते. कॅमचा दाब नसताना ऑइल आत येतं, दाब आला की गोळी बंद, आत अडकलेलं ऑइल दबत नाही म्हणून लिफ्टर लोखंडासारखा घट्ट उभा राहतो. आत हवा गेली, गोळीखाली कचरा बसला किंवा प्लंजर चिकटला की गॅप पडली आणि टिकटिक सुरू.

मग मी डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! कुणीतरी टॉप-अप करताना ओतून ठेवलेलं. लोकांना वाटतं जास्त असलेलं बरं, पण जास्त ऑइलला क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा खालचा दांडा) फेटतो, फेस होतो आणि तोच फेस लिफ्टरमध्ये जातो. वर ते ऑइल दोन वर्षांचं, कारण किलोमीटर कुठे झालेत म्हणून आम्ही बदललंच नव्हतं. मंडई आणि घर, घर आणि मंडई, इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद, अशाने ऑइल लवकर खराब होतं हे मला खरंच आधी कळायला हवं होतं.

नवा फिल्टर आणि मॅन्युअलमधल्याच ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल टाकलं, तीनशे किलोमीटरने दोन्ही परत बदललं. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल टाकू नका, थंडीत ते वरपर्यंत उशिरा पोचतं. फ्लश (आतला गाळ धुवून काढायचं औषध) पण मुद्दाम टाळला, जुना गाळ एकदम सुटून खालच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीत अडकला आणि ऑइलच अडलं तर लिफ्टर राहिले बाजूला, इंजिनच जाईल. आवाज बराच कमी झाला पण एका ठिकाणी राहिलाच, लांब स्क्रू ड्रायव्हर कव्हरला टेकवून दांडी कानाशी धरली की स्पष्ट ऐकू यायचा.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रींकडे खोललं. हे घरी करायचं काम नाही, कॅमशाफ्टचं अख्खं हाऊसिंग उतरतं आणि टायमिंग लॉक करायची हत्यारं लागतात. सोळा लिफ्टर काढून ओळीने उभे ठेवले, अंगठ्याने दाबून बघितले, तीन मऊ, स्पंजसारखे. आणखी एकाचा प्लंजर तर हलेचना, त्यावर चॉकलेटी वार्निशचा थर. मी म्हटलं खराब तेवढेच बदलू का, तर मिस्त्री म्हणाले, "दादा, सोळाच्या सोळा बदला, मजुरी तीच लागणारे, परत खोलायला लावू नका." पटलं.

नवीन लिफ्टर ऑइलमध्ये बुडवून ठेवले. बसवल्यावर लगेच स्टार्टर मारला नाही, अर्धा तास थांबलो, कारण भरलेला लिफ्टर व्हॉल्व्हला उघडाच धरून ठेवू शकतो आणि मग व्हॉल्व्ह पिस्टनला लागायची भीती. मग पान्याने क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, कुठे अडत नाही बघितलं, तेव्हा कुठे चावी. पहिल्यांदा एवढा खडखड आवाज झाला की माझ्या पोटात गोळा आला, आणि दोन-तीन मिनिटांत एक एक करत सगळे गप्प.

आता किलोमीटर कितीही होवोत, वर्षाला ऑइल बदलतो. आणि दर रविवारी बाबा गाडी घेऊन कोरेगावपर्यंत जाऊन येतात, इंजिन चांगलं गरम होईस्तोवर, रेडिओ बंद ठेवून.