दोन बोटं माती

जानेवारीत सियायाला जाऊन आलो. सियाया म्हणजे केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या अंगाचा जिल्हा. पाच वर्षांपूर्वी ज्या शेतांतून माती काढली होती त्याच शेतांतून परत काढायची होती. त्यातल्या एका शेताचा हिशोब अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

कंपोस्ट, शेणखत, मक्यात डेस्मोडियम (जमीन झाकणारी शेंगवर्गीय वेल), बांधाला कॅलिअँड्रा (चाऱ्याचं झुडूप) अशी शेती करणाऱ्यांच्या जमिनीत कार्बन किती साठला ते मोजायचं, हे आमचं काम. लोकांना वाटतं मातीत मीटर खुपसला की आकडा येतो. तसं नाही. मातीत कार्बन किती टक्के ते लॅब सांगते, चिमूटभर माती मशीनमध्ये जाळून. पण हेक्टरी टन काढायचे तर ३० सेंटीमीटरपर्यंत माती मुळात किती टन आहे तेही लागतं, म्हणजे बल्क डेन्सिटी, मातीची घनता, आणि ते सगळं आमच्या हातावर. माती काढायची ट्यूब सरळ ठोकायची, बाहेर काढल्यावर भोकाची खोली आणि आतल्या मातीची लांबी टेपने ताडून बघायची, माती दबून आखूड झाली असेल तर तो कोअर, म्हणजे ट्यूबमधली माती, टाकून द्यायचा आणि शेजारी परत ठोकायचं. लेबल पेन्सिलीने, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर, कारण घामाने शाई पसरते. मग १०५ डिग्रीला ओव्हनमध्ये २४ तास. राहुरीत शिकताना आम्ही डायक्रोमेट टाकून टक्के काढायचो आणि तेच अवघड वाटायचं, इथे आल्यावर कळलं की खरा घोळ वजनात होतो. रिपोर्ट वाचणारे मात्र नेहमी टक्केच विचारतात, घनतेचा रकाना कोणी बघतसुद्धा नाही.

तर त्या मामांचं शेत. (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, मोठ्या बाईला तिकडे सगळे मामाच म्हणतात.) एकरभर जमीन, पूर्वी सगळी कायोंगोने भरलेली. कायोंगो म्हणजे स्ट्रायगा, जांभळ्या फुलांचं तण, मक्याच्या मुळालाच चिकटतं आणि पीक बसवून टाकतं. मागच्या वेळच्या माझ्याच वहीत या शेतापुढे लिहिलंय, ‘घाव ३८, हाताला फोड’. या वेळी त्याच महिन्यात, तशाच कोरड्या मातीत, १४ घावांत ट्यूब ३० च्या खुणेपर्यंत गेली. मी थांबलो, वाटलं उंदराचं बीळ लागलं. दोन मीटर सरकून परत ठोकली, १५. माती हातात घेतली तर लाल ढेकळाचा बोटांनी चुरा होत होता, आत पांढरी मुळं आणि गांडुळाची भोकं. मामा शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, “म्वालिमू, आता जेंबे उसळत नाही.” म्वालिमू म्हणजे गुरुजी, जेंबे म्हणजे त्यांची कुदळ.

मला आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात गोळा पण आला, कारण पुढे काय होणार ते दिसत होतं. माती भुसभुशीत झाली म्हणजे त्याच ३० सेंटीमीटरमध्ये माती कमी बसणार. गोल आकड्यांत सांगतो. आधी घनता १.२ (घन सेंटीमीटरला ग्रॅम), म्हणजे हेक्टरी ३६०० टन माती, त्यात १.६० टक्के कार्बन, ५७.६ टन. आता घनता १.०८, माती ३२४० टन, टक्के वाढून १.७२, तरी कार्बन ५५.७ टन. म्हणजे पाच वर्षं डोक्यावरून शेणखत वाहिलेल्या बाईच्या नावावर जवळजवळ दोन टनांची घट!

हे टाळायचं तर खोली नाही, मातीचं वजन सारखं धरायचं. इक्विव्हॅलंट सॉईल मास, काही नवीन शोध नाही. कमी पडलेली ३६० टन माती खालच्या थरातून घ्यायची, ती भरते जेमतेम तीन सेंटीमीटर, दोन बोटं. पण त्यासाठी ३० च्या खालचा नमुना हवा आणि आमच्या प्रोटोकॉलमध्ये खोली ३० लिहिलेली, आयपीसीसीची (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलाच्या समितीची) नेहमीची खोली तेवढीच म्हणून. त्या दिवशी मी कोणाला न विचारता चार भोकांतून ३० ते ४० ची माती पण काढली, आणि पुढच्या तीन दिवसांत जिथे ट्यूब अशी सहज गेली त्या शेतांतूनही. मामांच्या खालच्या थरात १.२ टक्के निघाला. तो धरला तर एकूण ६० टन, म्हणजे २.४ टनांची वाढ.

ऑफिसमध्ये दाखवल्यावर आमच्या टीम लीड बाई म्हणाल्या, “तू चांगली शेतंच तेवढी खोल खणलीस, हे वापरता येणार नाही.” मी खूप भांडलो. रात्री झोप लागेना तेव्हा कळलं की त्या बरोबर आहेत. मला जिथे वाढ हवी होती तिथेच मी खाली गेलो, घट्ट मातीच्या शेतांना ती संधीच दिली नाही. एका शेताच्या आकड्यावर तसाही किती विसंबणार, लॅबमध्ये टक्क्याचा दहावा हिस्सा इकडेतिकडे झाला तरी हेक्टरी साडेतीन टनांचा फरक पडतो आणि चांगल्या शेतात वर्षाला अर्धा टन वाढला तरी खूप. पण मग तीसवर थांबणारा प्रोटोकॉल तरी निष्पक्ष कसा? तो तर माती सुधारणाऱ्यालाच दर वेळी कापतो आणि हे माहीत असलेल्या लोकांनीच तो लिहिलाय, दहा सेंटीमीटर जास्त खणायला मजूर लागतात म्हणून. याचा मला अजून राग आहे.

पश्चिम केनियातच एका मोठ्या प्रकल्पाला २०१४ मध्ये माती-कार्बनची क्रेडिट्स (साठवलेल्या कार्बनबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) मिळाली होती, तिथे शेतकरी काय काय करतात ते नोंदवून वाढ कॉम्प्युटर मॉडेलने काढायचे. ते मॉडेल मूळचं इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या जुन्या प्रयोगशेतांवर बसवलेलं. काहींना हाच मार्ग बरा वाटतो, माती खणायची भानगडच नको. मला पटत नाही. मामांची जमीन कुदळीखाली बदलली ते मॉडेलला कुठून कळणार.

त्यांना फोनवर एवढंच सांगितलं की हिशोब अजून चालू आहे. त्यांनी विचारलं, “तेव्हा खालून माती काढलीस ती कमी पडली का?” म्हटलं तुमची पुरली, बाकीच्यांची कमी पडली.

मार्चमध्ये मोठा पाऊस लागायच्या आत उरलेली सगळी शेतं, घट्ट असोत की भुसभुशीत, ४० पर्यंत परत काढायची परवानगी टीम लीड बाईंनीच वर भांडून मिळवली. काल ट्यूबवर ४० ची खूण लाल रंगाने केलीय. सोमवारी निघतोय.