तेल सोडलं, झिंक धरलं

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, तरी तपासण्या फक्त बायकोच्याच. तिचं सगळं नॉर्मल निघाल्यावर बेळगावातल्या डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या, "आता तुमचा नंबर."

दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा असतो. लॅबच्या बाथरूमची कडी लागत नव्हती, पुढचं सांगत नाही. रिपोर्टात एका मिलीलिटरला ९० लाख शुक्राणू. किमान १ कोटी ६० लाख हवेत म्हणे.

मी छाती फुगवून सांगितलं, बाबांच्या बायपासनंतर दोन वर्षं तेल, शेंगदाणे, अंडी बंद आहेत, वर झिंकच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घेतो. जिममधल्या मित्रानं दिलेल्या. रोज मळमळायचं, मला वाटायचं गोळी लागू पडतेय. बाईंनी कपाळाला हात लावला. दिवसाला ४० च्या वर फार दिवस गेलं तर अंगातलं तांबं घटतं. झिंकची खरी कमतरता वाईटच. १९६० च्या दशकात इराणच्या खेड्यांतली, बिनखमिराच्या रोटीवर वाढलेली पोरं खुजी राहिली, वयात आली नाहीत. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंक धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. पण अमेरिकेत दोन हजारांवर पुरुषांना रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि फॉलिक ॲसिड देऊन बघितलं, २०२० साली निकाल आला: ना शुक्राणू सुधारले, ना पाळणे जास्त हलले. आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तर कोलेस्टेरॉलपासूनच बनतं, स्निग्ध अगदी तोडलं तर ते थोडं उतरू शकतं. "म्हणून तूप ओतायचं नाही हं," हेही लगेच.

मग विचारलं, "तंबाखू?" मी बायकोकडं बघितलं. तिनंच उत्तर दिलं.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी या म्हणाल्या. गोळ्या बंद, तंबाखू बंद. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीसमोरून पॅकिंगला बदली मागून घेतली, कारण उष्णताही बाधते. डब्यात जोंधळ्याची भाकरी, मोड आलेली मटकी, अंडं, आणि आईची कारळ्याची चटणी, वर तेलाची धार. दोन वर्षांनी ती धार बघून डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

तीन महिन्यांनी १ कोटी ९० लाख. कशानं वाढलं? बाई म्हणाल्या, आकडा आपोआपही खालीवर होतो, एका रिपोर्टावर नाचू नका, महिन्यानं परत नमुना द्या. आईला हे पटलेलं नाही. तिनं कारळे आणखी दोन किलो आणलेत.