पाळी गेल्यावर मूल होतं का, ताई?

फोनवर बहुतेक जणी नावाआधी वय सांगतात. "मी एकोणपन्नास." "मी बावन्न, पण तब्येत चांगली आहे." मग थोडा वेळ दुसरंच काहीतरी बोलतात आणि शेवटी आवाज खाली आणून विचारतात, "पाळी गेल्यावर मूल होतं का, ताई?"

मी डॉक्टर नाही. माझी पाळी ४१ व्या वर्षी गेली आणि मुलगी ४६ व्या वर्षी झाली, म्हणून मला विचारतात. उत्तर 'हो' असंच आहे. पण नुसतं 'हो' म्हणून मोकळं व्हायला माझं मन धजत नाही. मला एके ठिकाणी असंच नुसतं 'हो' मिळालं होतं आणि त्यात माझं दीड वर्ष गेलं.

आधी मी उलट विचारते, शेवटची पाळी कधी आली होती? सलग बारा महिने आली नसेल तरच 'गेली' म्हणायचं. चार महिने चुकली, मग एकदा येऊन गेली, असं चाललं असेल तर ती अजून गेलेली नाही. त्या काळात क्वचित का होईना, आपोआप दिवस राहू शकतात. म्हणून तर डॉक्टर तेव्हाही गर्भनिरोधक बंद करू देत नाहीत. चाळिशीच्या आधीच अंडाशय थकलेल्या बायकांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यातल्या शंभरात पाच-दहा जणींना पुढे कधीतरी उपचाराशिवायही दिवस राहतात. पण पन्नाशीला रीतसर पाळी गेलेल्या बाईनं त्या आशेवर बसू नये.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पाळी जाते तेव्हा फार तर हजारभर, तीही औषधांना दाद न देणारी. नवीन बीज तयार होत नाही. गर्भपिशवीचं मात्र तसं नाही. बाहेरून हार्मोन दिले की तिचं अस्तर पुन्हा वाढतं, गर्भ धरण्याजोगं होतं. १९७८ साली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९८४ मध्ये, अंडाशयानं साथ सोडलेल्या एका तरुण बाईला दुसरीच्या बीजावर मूल झाल्याचं मेलबर्नच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. १९९० मध्ये अमेरिकेत मार्क सॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हेच करून दाखवलं. तेव्हापासून हे स्पष्ट आहे की गर्भ राहण्याची शक्यता बीज देणारीच्या वयावर ठरते, गर्भपिशवी किती वर्षांची आहे त्यावर फारशी नाही.

म्हणजे पाळी गेल्यावर मूल हवं असेल तर बीज कुठून तरी आणावं लागतं. तरुणपणी स्वतःची बीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवलेले असतील तर ती बाई नशीबवान. कर्करोगाच्या उपचाराआधी अंडाशयाचा तुकडा गोठवून पुढे परत बसवता येतो. बेल्जियममध्ये २००४ साली असं पहिलं मूल जन्मलं. बाकीच्यांसाठी दुसरीनं दिलेलं बीज, किंवा दुसऱ्या जोडप्यानं दिलेला भ्रूण. सरोगसीचं नाव पुष्कळ जणी घेतात, पण तिथं गर्भपिशवी दुसरीची मिळते, बीजाचा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

हे मला पहिल्याच भेटीत कुणी सांगितलं असतं तर! त्याऐवजी एका दवाखान्यात मला म्हणाले, "अंडाशय झोपलंय, आपण जागं करू." माझंच रक्त काढायचं, त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या करायच्या आणि सुईनं अंडाशयात सोडायच्या. याला पीआरपी म्हणतात. दोनदा केलं. अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, एएमएच, दर महिन्याला करायचे आणि आकडा तसाच. हा उपचार अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे आणि त्यानं मूल होतं याचा ठोस पुरावा नाही, हे मला फार नंतर कळलं. त्या दीड वर्षाचा राग माझा अजून गेलेला नाही. मला त्यांनी आशा विकली, आणि जिला आशाच हवी असते तिला ती विकणं सोपं असतं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या बीजानं होणार नाही. दुसऱ्या बीजानं होऊ शकेल. आज काही ठरवू नका." मी घरी येऊन दार लावून रडले. जन्मालाच न आलेल्या कुणासाठी एवढं रडू येतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या आईचं कपाळ, माझ्या आजीचे हात, ते कुणाकडेच जाणार नव्हतं. आठ महिने मी त्या विषयाला हात लावला नाही. माझं नक्की मत आहे की हा वेळ घ्यायलाच हवा. तो न घेता घाईनं बीजदान स्वीकारलेल्या बायका मला भेटल्या आहेत. मूल मांडीवर असतानाही त्या आतून कुठेतरी अडकलेल्या असतात.

उपचार त्या मानानं सोपा. इस्ट्रोजेनच्या गोळ्या, बाराव्या-तेराव्या दिवशी सोनोग्राफी, अस्तर आठ मिलिमीटर. मग प्रोजेस्टेरॉन, आणि त्यानंतर पाच दिवसांनी, दुसरीच्या बीजापासून प्रयोगशाळेत वाढवलेला पाच दिवसांचा भ्रूण आत सोडायचा. भूल नाही, पंधरा मिनिटांत काम झालं. मी दोन भ्रूण सोडा म्हणत होते, डॉक्टर एकावर ठाम राहिल्या. जुळी म्हणजे या वयात सगळे धोके वाढणार. पहिल्या खेपेला रक्ततपासणी कोरी आली. दुसऱ्या खेपेला राहिलं. पुढे बारा आठवडे गोळ्या चालूच, कारण माझी अंडाशयं काहीच हार्मोन बनवत नव्हती. नंतर बाळाची वार (प्लॅसेंटा) ते काम स्वतःकडे घेते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. गर्भ राहणं ही या वयातली अवघड गोष्ट नाही, नऊ महिने ओढून नेणं अवघड आहे. गर्भपिशवीला हार्मोननं फसवता येतं. हृदय, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या त्यांच्या खऱ्या वयाच्याच राहतात. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं आणि ते सगळं हृदयाला रेटावं लागतं. त्यात दुसरीच्या बीजाचा गर्भ आईच्या शरीराला पूर्ण परका असतो, आणि त्यामुळेच बहुधा अशा गरोदरपणात रक्तदाब चढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार, प्रीएक्लॅम्पसिया, जास्त होतो. मला बाराव्या आठवड्यापासून रोज अॅस्पिरिनची छोटी गोळी होती. तरी ३४ व्या आठवड्यात डोळ्यांपुढे चमचम सुरू झाली. बीपी १६०/१००. तातडीनं सिझेरियन. मुलगी एक किलो नऊशे ग्रॅमची, नऊ दिवस काचेच्या पेटीत. मी खालच्या मजल्यावर, हाताला मॅग्नेशियमची सलाइन, तिला न पाहता. बाळंतपणानंतरही बीपी उतरायला सहा आठवडे लागले. प्रीएक्लॅम्पसिया मूल बाहेर आल्यावरही गाठू शकतो, हे घरच्यांना आधीच माहीत असायला हवं.

"पण पेपरात तर सत्तरीच्या बाईला जुळी झाल्याचं होतं," असं ऐकवतात. होतं. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशातली ती बातमी मीही वाचली. पण मला स्पेनमधली बाई जास्त आठवते. २००६ साली तिला ६६ व्या वर्षी जुळे मुलगे झाले आणि अडीच वर्षांनी ती कर्करोगानं गेली. मुलं अजून तीन वर्षांचीही नव्हती. अमेरिकेतली प्रजननतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन, ५५ नंतर हा उपचार करू नये असं सांगते, बाई ठणठणीत असली तरी. अनेक देशांत कायद्यानंच वयाची रेघ मारलेली आहे. ती रेघ मला अन्यायाची वाटत नाही.

हे म्हणणं एकाच प्रकारच्या फोनवर मला जड जातं. कधीकधी विचारणारीचं एकुलतं मूल गेलेलं असतं. ती ५३ ची, ५४ ची असते आणि तिला मूल हवं असण्यापेक्षा तेच मूल परत हवं असतं. तिला मी आकडे सांगत नाही. त्या मुलाचं नाव विचारते. दत्तक, बीजदान हे शब्द त्या दिवशी काढत नाही. नव्या मुलानं गेलेल्याची जागा भरायची, हे ओझं कुठल्याच बाळावर घालू नये असं मला मनापासून वाटतं, पण तेही पहिल्या फोनवर बोलायचं नसतं.

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. ती तीन वर्षांची असल्यापासून आम्ही तिला सांगत आलो, आईकडची बीजं संपली होती, एका मावशीनं एक दिलं. लपवलेलं कधीतरी उघडं पडतंच, आणि डॉक्टरांनी घराण्यातले आजार विचारले तर तिला खरं उत्तर देता यायला हवं. तिचं कपाळ माझ्या आईसारखं नाही. कुणासारखं आहे याचा विचार मी सुरुवातीला फार करायची.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दवाखाना शोधण्याआधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा. उपाशीपोटीची शुगर, थायरॉइड, ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, मॅमोग्राम, गर्भाशयमुखाची तपासणी एवढं करून घ्या. ते कागद घेऊन आधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटा आणि सरळ विचारा, "या शरीराला गरोदरपण झेपेल का?" ते काय म्हणाले ते मला कळवा. पुढचं आपण त्यानंतर बोलू.