रिजेक्शन किती?

काकूंच्या हातात दुधाची रिकामी किटली होती आणि पायांतल्या चपला दोन वेगळ्या जोडांतल्या. सकाळचे पावणेअकरा वाजलेले. मी आमच्या सायबर मदत केंद्राचं शटर नुकतंच वर ढकललं होतं.

"बाई, दूध कट्ट्यावर ते चिकटवलंय, ते तुमीच न्हवं?"

कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्याजवळच्या खांबावर आमचं एक स्टिकर आहे. 'फोनवर कुणी घाबरवतंय? आधी इथं या', खाली पत्ता आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा सरकारी नंबर. काकू ते रोज बघत होत्या.

"मालक काल सांजपास्नं मोबाईल म्होरं धरून बसल्यात. त्यात पोलिस हाय. जेवलं न्हाईत, मलाबी हलू देत न्हवतं. दूध आणतो म्हणून सुटलो."

(आमच्याकडं बायका 'सुटलो, आलो'च म्हणतात. मीही घरी तसंच बोलतो; लिहिताना तेवढं 'बोलते' करायचं.)

घर उत्तरेश्वर पेठेत, चालत सात-आठ मिनिटांवर. आतल्या खोलीत टेबलावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस. समोर गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली लेंगा, कारण कॅमेऱ्यात तेवढंच दिसत होतं. 'साहेबां'नी नीट बसायला सांगितलं होतं. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, वर्गात ठेवायचे तसं.

मी काही न बोलता फोन उचलला, कॉल तोडला आणि फोन बंद केला.

"काय केलंसा हे? आता खरंच येतील की न्यायला!"

डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, अशी गोष्ट कायद्यात नाही, हे सांगायला तीस सेकंद लागतात. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये ते सांगितलं होतं, आणि गुरुजींनी ते ऐकलंही होतं. पण ऐकलेलं आठवायला डोकं ताळ्यावर लागतं. सोळा तास कुणी डोळ्यांसमोरून हलू देत नसेल, तर ते कुठून राहणार?

त्यांना वाचवलं ते त्यांच्याच सवयीनं. शेजारी दोनशे पानी वही होती आणि त्या माणसाचा प्रत्येक हुकूम त्यात वेळेसकट लिहिलेला, वळणदार अक्षरात. 'स. ९.१०. रु. १,८०,००० पाठवले.' खाली खाते क्रमांक, आयएफएससी, व्यवहाराचा क्रमांक, आणि त्याखाली पट्टीनं ओढलेली रेघ. त्याच्या पुढची ओळ: 'दु. १२ वा. बँकेत जाऊन ठेव मोडणे.' ती ठेव सहा लाखांची होती.

१९३० तिसऱ्या प्रयत्नाला लागला. तिकडून जे विचारतात ते सगळं वहीत तयार होतं. एरवी व्यवहाराचा क्रमांक शोधण्यातच आमचा अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून येतात. मग सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर रीतसर तक्रार भरली. दुपारी कळलं, १ लाख १२ हजारांवर होल्ड लागला, म्हणजे तेवढे वाटेतच अडवले, बाकीचे पुढं गेले. होल्ड म्हणजे पैसे हातात आले असं नव्हे, तो टप्पा वेगळाच. तरी काकूंनी तेवढ्यावर चहा टाकला.

त्या दिवशीचं खरं काम माझ्या मते इथं संपायला हवं होतं.

दोनच्या सुमाराला एक पोरगा आला. वय एकोणीस, आयटीआय झालेला. "मॅडम, खातं फ्रीज झालंय. पगार अडकलाय." पासबुक बघितलं. चौदा हजारांच्या पगाराखाली दोन दिवसांत ४९ हजार, ९९ हजार, परत ९९ हजार जमा, आणि प्रत्येक रक्कम काही मिनिटांत बाहेर. मित्राच्या मित्रानं महिना पाच हजार देतो म्हणून पासबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याचं सिम नेलं होतं. गेमिंगचं काम असतंय, असं सांगून. पोलिस याला म्यूल अकाउंट म्हणतात, पोरं 'खातं भाड्यानं दिलंय' म्हणतात. गुरुजींसारख्याचे पैसे आधी अशाच एखाद्या खात्यात उतरतात.

"अरे, पण असं कुणी देतं का?"

"मी तुमचा कोर्स केलाय की, मॅडम." त्यानं मोबाईलवर प्रमाणपत्र काढून दाखवलं. खाली माझी सही. "ओटीपी मी कुणालाच दिला न्हाई."

खरं होतं. ओटीपी कुणाला देऊ नका, एवढंच आम्ही शिकवलं होतं. चाळीस मिनिटं, एक प्रोजेक्टर, शेवटी बॅनर धरून फोटो. अख्खं सिमच देऊ नका, असं सांगायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या वडिलांना बोलावलं, ओळखीच्या वकिलांना फोन लावला आणि काय घडलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. तो फसला आहे आणि गुन्ह्यातही आहे. सायबर पोलिसांकडं आपणहून जाणं एवढीच वाट होती, आणि ती सोपी आहे असं मी त्याला सांगितलं नाही.

चार वाजता अण्णा येणार होते. आमचे सगळ्यात जुने देणगीदार. उद्यमनगरात फौंड्री, पंपाची कास्टिंग काढतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं २ टक्क्यांचं सीएसआर (मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) त्यांना लागू होत नाही, तेवढा त्यांचा पसाराच नाही. स्वखुशीनं देतात आणि म्हणून हिशेबही स्वतः बघतात. अहवालाच्या पहिल्या पानावर आमचा आकडा होता: प्रशिक्षित ३,१४०.

मी तो अहवाल पालथा घातला आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. प्रमाणपत्राचंही.

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसले. "भट्टीतनं किती टन काढलं हे मला कोन बी सांगतंय. रिजेक्शन किती, म्हंजे खराब किती निघालं, ते सांगा. ह्या तीन हजारांतल्या किती पोरांनी खातं दिलंय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

मग माणसांचा विषय निघाला. केंद्रावर मी एकटी. मी उत्तरेश्वर पेठेत होते तेवढा दीड तास शटर खाली होतं. कोण येऊन गेलं, देव जाणे. दुसऱ्या माणसाचा पगार मी एका कंपनीकडं मागितला होता. त्यांचे साहेब म्हणाले, प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. वास्तविक सीएसआरच्या नियमांत ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, प्रकल्पावर राबणाऱ्या माणसाच्या पगाराला नाही. पण त्यांनी वीस टॅब देऊ केले. टॅबवर कंपनीचं स्टिकर लावता येतं, माणसाला कुठं लावणार?

"आमचं वडील बोर्डिंगात ऱ्हाऊन शिकलं," अण्णा म्हणाले. "शाहू महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची निघाली. लोकांनी दिलं. पर नुसत्या इमारतीला न्हवं. रोज दोन टायमाला शिजवाय लागायचं तितं."

दुसऱ्या माणसाच्या वर्षाच्या पगाराचं त्यांनी तिथंच बोलून टाकलं. अट एकच: पुढच्या अहवालात पहिल्या पानावर रिजेक्शन. जाताना पोरांच्या हजेरीचं रजिस्टर मागून घेतलं. म्हणाले, आपल्या कारखान्यातली चार पोरं आहेत यात, त्यांना मीच विचारतो.

सातला मी शटर ओढत होते तेव्हा काकू परत आल्या. सकाळच्या गडबडीत किटली आमच्याच टेबलावर राहिली होती. पण आल्या होत्या त्या किटलीसाठी नव्हे.

"मालकांनी फोन परत चालू केलाय. तो साहेब पुन्ना फोन करनार म्हणत्यात. उचलला न्हाई तर बरं दिसंल का, असं इचारत्यात."

मी कुलूप लावलं आणि किटली घेऊन त्यांच्याबरोबर निघाले.